माझी हरकत

पत्रे ठोकायला माणसं सकाळी सातलाच आली.

जयमाला धोत्रेने चहाचं आधण ठेवलं होतं. पहिला घाव ऐकू आला तशी ती ओट्यावर आली. गल्लीच्या तोंडाशी नगरपरिषदेचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत निळे पत्रे, लोखंडी अँगल आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली चार माणसं. एक पत्रा उभासुद्धा राहिला होता.

कोणाच्या सांगण्यावरून, असं तिला ओरडून विचारायचं होतं. पण शब्द घशातच अडला, नेहमीसारखा.

समोरच्या ओट्यावरून हमीदाबी म्हणाल्या, "आता काय बघतेस बेटी? काल सभेत तूच तर सांगितलंस."

"मी?"

"माझी हरकत नाही, असं म्हणालीस. या कानांनी ऐकलं फोनवर. किती साफ बोललीस."

हमीदाबींच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागे. रिक्षा थेट दारापर्यंत यायची. आज मंगळवार होता.

जयमालाने नकारार्थी मान हलवली. आपण काय म्हणालो ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ती म्हणाली होती, माझी हरकत आहे.

*

धापताप कासारझरीत आला त्याला तेव्हा सहा आठवडे झाले होते. २०३७ सालचा तो ताप आधी छातीत बसे, मग अंगात चढे. बंद खोलीत दहा माणसं तासभर एकत्र बसली की त्यातली चार अंथरुणाला खिळत. त्यामुळे नगरपरिषदेचं सभागृह कुलूपबंद झालं आणि सभा 'सभाद्वार' नावाच्या यंत्रणेवर भरू लागल्या.

सभाद्वारचे नियम कडक होते. प्रत्येक सदस्याने आपल्या खोलीत एकट्यानेच बसायचं. दुसरं कोणी दिसलं किंवा ऐकू आलं तर त्या सदस्याचं मत बाद. मत तोंडीच द्यायचं, लेखी चालणार नाही, कारण पहिल्याच आठवड्यात कितीतरी नगरसेविकांच्या फोनवरून त्यांच्या नवऱ्यांनीच परस्पर मतं धाडली होती. आणि सभा सगळ्यांसाठी खुली. साधा बटणांचा फोन असला तरी एक नंबर फिरवून कोणीही ऐकू शके. बहिऱ्यांना खाली अक्षरं दिसत. बोलणं नीट कळलं नाही तर ऐकणाऱ्याने पाचचं बटण दाबायचं. पन्नास जणांनी दाबलं तर सदस्याला ते पुन्हा सांगावंच लागे.

जयमालाला या यंत्रणेने गळपट्टी दिली होती.

लहानपणापासून ती तोतरी बोलायची. आता बेचाळीस वर्षांची होती आणि गल्लीतल्या सगळ्यांचे ब्लाउज शिवत होती, कारण शिवणकामात तोंड उघडावं लागत नाही. प्रभाग सात महिलांसाठी राखीव झाला तेव्हा नगराध्यक्ष लोहकरेंनी तिला बोलावून तिकीट दिलं. तिचा नवरा दिगंबर पक्षाचं काम करायचा. बायको बोलत नाही म्हणजे नवरा बोलेल, आणि नवरा आपलंच बोलेल, इतका सरळ हिशेब होता. दोन वर्षं सभागृहात दिगंबर तिच्या मागच्या खुर्चीत बसला आणि तिच्या वतीने बोलला. कोणी हरकत घेतली नाही.

तोतरेपणाचा दोष जिभेत नसतो. शब्द उच्चारण्याआधी मेंदू त्याची आखणी करतो आणि मग स्नायूंना 'आता' असा इशारा देतो. काहींच्या बाबतीत हा इशारा वेळेवर सुटत नाही. शब्द माहीत असतो, ओठ, जीभ, गळा सगळे तयार असतात, पण फाटक उघडत नाही. गळपट्टीतले अठरा संवेदक त्या तयार स्नायूंमधली अतिसूक्ष्म वीज वाचत. येऊ घातलेला शब्द ओळखून पट्टी तो बोलणाऱ्याच्याच आवाजात, न अडखळता, सभेला ऐकवी. त्याला अडीच सेकंद लागत. आपलाच आवाज असा उशिराने कानावर आला तर माणूस गोंधळतो, म्हणून तो बोलणाऱ्याला ऐकवत नसत.

पहिल्या सभेत जयमालाने आपल्याच बेलदारवस्तीतल्या नळाबद्दल चार वाक्यं सांगितली. तिच्या परीने ती नेहमीसारखीच अडखळत, घाम पुसत बोलली होती. सभा संपल्यावर फोन वाजायला लागले ते थांबेनात. "ताई, काय बोललात!" तिने ध्वनिमुद्रण लावून ऐकलं आणि ती पलंगावर बसूनच राहिली. तो तिचाच आवाज होता. मनातल्या मनात बोलताना तिला जो ऐकू येई, तो.

महिनाभर ती प्रत्येक सभेत बोलली. दाराबाहेर बसलेल्या दिगंबरला हळूहळू कोणी फोन करेनासं झालं.

*

मंगळवारी दुपारपर्यंत गल्लीची दोन्ही तोंडं बंद झाली. मधे फक्त माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट, तीही पोलीस सांगेल तेव्हाच. हमीदाबी नाल्याच्या कडेने हायवेवर जायला निघाल्या. अर्ध्या वाटेत पाय घसरला. दोघांनी धरून घरी आणलं तोवर दवाखान्यातली वेळ निघून गेली होती.

जयमालाने कालच्या सभेचं ध्वनिमुद्रण लावलं. दिगंबर शेजारी उभा होता.

विषय क्रमांक चार, बेलदारवस्ती अठ्ठावीस दिवस पूर्ण बंद करणे. एकेका सदस्याचं नाव पुकारलं जात होतं. मतांची बेरीज काल सभेत वाचली नव्हती, ती नंतर नोंदली गेली होती. आठ बाजूने, आठ विरोधात, आणि शेवटी तिचं नाव. स्वच्छ, गोड, ठाम आवाज आला. "माझी हरकत नाही."

"मी अ-असं नाही म्ह-म्हणाले."

"जया, आवाज तुझाच आहे ना?"

तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आपला आवाज आपण न बोललेलं बोलतोय, हे ऐकताना अंगावरून गोम गेल्यासारखं वाटत होतं.

तिने मुख्याधिकारी अदिती वैरागडेंना लांबलचक संदेश लिहिला. बाई नवीन होत्या, तिशीतल्या, पण संदेश वाचून त्यांनी अर्ध्या तासात व्हिडिओ लावला. पट्टीतली मूळ नोंद सात दिवस ठेवतात, ती त्यांनी काढली होती. पडद्यावर एक रेघ वळवळत होती.

"हे बघा. 'माझी', मग 'हरकत'. दोन्ही ठीक. इथे 'आ' सुरू झालाय. आणि मग चार सेकंद काहीच नाही. स्नायू आवळलेले, पण ते कुठल्या शब्दासाठी ते पट्टीला वाचता आलं नाही."

"म-मग?"

"मग तिने अंदाज केला." वैरागडेंनी कपाळ चोळलं. "अडलेला शब्द सापडला नाही की पट्टी तिच्या साठ्यात बघते, आधीच्या दोन शब्दांनंतर बहुतेक वेळा काय येतं ते. साठा म्हणजे राज्यातल्या नगरपरिषदांची चाळीस वर्षांची इतिवृत्तं. त्यात 'माझी हरकत' नंतर 'नाही' हा शब्द शंभरातून एक्क्याण्णव वेळा येतो. सुरुवातीचा 'आ' तिने श्वास समजून टाकून दिला."



"आपल्याकडे हरकत घेणारे लोक मुळातच कमी, ताई," वैरागडे म्हणाल्या. "ते यंत्राने शिकून घेतलं."

त्यांनी तिथेच एक चाचणी घेतली. जयमालाने पट्टी लावली आणि म्हणाली, मला हे मान्य नाही. 'मान्य'वर ती अडली. वैरागडेंनी आलेला आवाज तिला ऐकवला. "मला हे माहीत नाही." पुन्हा प्रयत्न केला. या वेळी बरोबर आलं. तिसऱ्यांदा पुन्हा "माहीत नाही."

महिनाभरात आपण किती बोललो, आणि त्यातलं नेमकं कोण किती बोललं? जयमालाने पट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली.

"गुरुवारी सभा आहे," वैरागडे म्हणाल्या. "पहिलाच विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. त्या वेळी सदस्याने आपल्या तोंडाने सांगितलं की माझं मत चुकीचं नोंदलं गेलंय, आणि खरं मत सांगितलं, तर मी दुरुस्ती घेईन. आठ विरुद्ध नऊ. ठराव पडतो. पण इतिवृत्त एकदा कायम झालं की माझ्या हातात काही नाही."

"प-पट्टी..."

"पट्टी लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. न लावता बोललात तर एक लक्षात ठेवा. आठ सेकंद शांतता झाली की यंत्रणा पुढे जाते. ती वेळ फक्त अध्यक्ष वाढवू शकतात, मी नाही."

*

बुधवारी लोहकरेंचा फोन आला तो दिगंबरला. कित्येक दिवसांनी त्याला आलेला पहिला फोन. तो अंगणात जाऊन वीस मिनिटं बोलत होता आणि आत आला तेव्हा त्याची मान वर होती.

"साहेब म्हणतात, अठ्ठावीस दिवसांचाच प्रश्न आहे. वस्तीला धान्य पोचवायची जबाबदारी त्यांची. हमीदाबींसाठी वेगळा पास देतील."

"क-कधी?"

"बघतील म्हणाले." तो खुर्चीवर बसला. "आणि जया, त्यांचा धाकटा भाऊ पहिल्याच आठवड्यात तापाने गेला. माणूस घाबरलेला आहे. वाईट नाही."

ते तिलाही माहीत होतं. तिने शिलाई मशीनवरचं कापड उगाच सरळ केलं.

"आणि पट्टी काढून तू सभेत बोलणार? अडीच हजार लोक ऐकतात. शाळेत कविता म्हणायला उभी राहिलीस तेव्हा काय झालं ते तूच मला सांगितलं होतंस. आता कुठे लोक तुला मानायला लागलेत. ते सगळं..."

"घा-घालवू?"

"घालवू नको एवढंच म्हणतोय. मी सांगतो साहेबांना, तिचा विचार बदलला म्हणून, की—"

"मिसळ," जयमाला म्हणाली.

"काय?"

बोलायला तिला वेळ लागला. दिगंबरने सवयीने दोनदा मधे तोंड उघडलं, दोन्ही वेळा तिने हात वर करून त्याला थांबवलं. लग्नानंतर पहिल्यांदा ते एस.टी. स्टँडच्या हॉटेलात गेले होते. तिला मिसळ मागवायची होती. ती 'मि'वर अडली. पोऱ्या खोळंबला होता, शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. दिगंबर चटकन म्हणाला, हिला इडली. तो तिची अब्रू वाचवत होता आणि तिला ते कळलं होतं. तिने इडली खाल्ली. मग दर वेळी हॉटेलात गेलं की तो म्हणायचा, हिला इडली आवडते. एकवीस वर्षं.

"मला इडली अ-आवडत नाही," ती म्हणाली. "यंत्र प-पण तुमच्यासारखंच करतं. मी अ-अडले की जवळचा शब्द देतं. चांगल्या म-मनाने."

 दिगंबरने चप्पल घातली आणि गल्लीच्या बंद टोकापर्यंत गेला, पत्र्यापाशी थांबला, परत आला. पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत त्याचं हेच चाललं होतं.

जयमाला आतल्या खोलीत दार लावून 'आहे' म्हणत बसली. दहा वेळा म्हटलं तर दहाही वेळा बरोबर यायचं. एकटीला कधीच अडत नसे. अडायचं ते कोणी वाट बघत असलं की. हमीदाबींच्या घरातून सून सांगून गेली, अम्मींच्या पायांना सूज आलीय, रात्री आडवं होता येत नाही, दम लागतो. शुक्रवार चुकला तर बघायला नको.

*

गुरुवारी चार वाजता सभा सुरू झाली. खोलीत ती एकटी. पट्टी डबीत, डबी टेबलावर. पडद्यावर सतरा सदस्यांचे चौकोन, वैरागडेंचा एक आणि कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा, दोन हजार सहाशे चौदा.

"विषय एक," वैरागडे म्हणाल्या. "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. कोणाला दुरुस्ती सुचवायची आहे?"

जयमालाने हात वर केला. तिच्या चौकोनाभोवती हिरवी कड आली. लोहकरेंनी चष्मा काढून ठेवला.

"वि-वि-विषय चार," ती म्हणाली. बाकीचे सगळे चेहरे एकदम वर झाले. कुठेतरी कोणीतरी हसलं. "माझं म-मत चुकीचं ल-लिहिलंय. माझी ह-हरकत..."

आणि फाटक बंद झालं.

तोंड उघडं होतं. मान ताठ, हनुवटी किंचित वर गेलेली, एक डोळा मिटत चाललेला. आपण कशा दिसतोय ते तिला समोरच दिसत होतं. कोपऱ्यात आकडे उतरत होते. पाच. चार. अध्यक्षांच्या हाताशी वेळ वाढवायचं बटण होतं. दोन. एक.

हिरवी कड विझली.

"सदस्यांचं म्हणणं पूर्ण झालेलं नाही," लोहकरे खालच्या आवाजात म्हणाले. "इतिवृत्त कायम करायला हरकत नसेल तर—"

"अध्यक्ष महाराज, एक मिनिट," वैरागडे म्हणाल्या. "ऐकू आलं नाही, अशा सूचना येतायत."

पडद्याच्या खाली पाचचं चिन्ह लुकलुकत होतं आणि त्याच्या पुढचा आकडा चढत होता. तेवीस. अठ्ठेचाळीस. एकशे सहा. पत्र्यांच्या आतल्या प्रत्येक घरात एक तरी फोन होता. पण आकडा तिथेच थांबला नाही. चारशे. सहाशे अकरा. इतकी माणसं बेलदारवस्तीत नव्हतीच.

"नियमानुसार सदस्यांना पुन्हा संधी द्यावी लागेल," वैरागडे म्हणाल्या.

कड हिरवी झाली.

"माझी ह-हरकत..." पुन्हा तेच. आठ, सात, सहा. तिला वाटलं, दार उघडून पळावं. डबीतली पट्टी एका हाताच्या अंतरावर होती. लावली की सगळं गोड होईल. काय निघेल तेवढं तिला कळणार नाही. तीन. दोन. कड विझली.

पाचचा आकडा नऊशेवर गेला.

लोहकरे त्या आकड्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एकदा घसा खाकरला. तिसऱ्यांदा हिरवी कड आली आणि आकडे उतरू लागले तेव्हा त्यांचा हात पुढे झाला. सहा सेकंदांवर घड्याळ थबकलं.

"बोला जयमालाताई," ते म्हणाले. "सावकाश."

सावकाश म्हटल्याने काही सोपं होत नाही. उलट अवघड होतं. पण मोजणं थांबलं होतं. तिने श्वास सोडून दिला, सगळा, पुन्हा घेतला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. दाराच्या पलीकडे दिगंबर होता. त्याची सावली फटीत दिसत होती. तो काही बोलला नाही. किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. नोंदीत मात्र एकतीस सेकंद आहेत.

"आ-आहे," ती म्हणाली. "माझी हरकत आहे."

"दुरुस्ती नोंदवली," वैरागडे घाईने म्हणाल्या. "बाजूने आठ, विरोधात नऊ. ठराव नामंजूर."

 लोहकरे फक्त म्हणाले, "पत्रे उद्या सकाळी काढून घ्या." आणि मग, बऱ्याच वेळाने, "विषय दोन."

जयमालाने दार उघडलं तेव्हा दिगंबर जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. फोन हातात घट्ट धरलेला.

"मी पाच दाबलं," तो म्हणाला. "दोन्ही वेळेला."

*

शुक्रवारी साडेआठला पत्रे काढायला तीच चार माणसं आली. काम ठोकण्यापेक्षा हळू चाललं होतं. नट गंजले नव्हते, पण हुकमाचा कागद अजून हातात पडला नव्हता आणि मुकादम दर पाच मिनिटांनी फोन बघत होता.

हमीदाबी खुर्चीत बसल्या होत्या. पाय भरून आले होते, श्वास वरच्यावर. सून रडवेली होऊन बाहेर आली. मंगळवारी आल्या नाहीत म्हणून दवाखान्याने त्यांची आजची वेळ दुसऱ्याला देऊन टाकली होती. बंद वस्तीतल्या पेशंटला नगरसेवकाने फोन करून सांगितल्याशिवाय आत घेणार नाहीत म्हणे. तेही नऊच्या आत.

दिगंबरने आपसूक हात पुढे केला. "दे, मी लावतो."

जयमालाने फोन दिला नाही. पट्टी फक्त सभाद्वारवर चाले, इथे तिचा काही उपयोग नव्हता, आणि अनोळखी माणसाला तिने आयुष्यात कधी फोन केला नव्हता. तिने नंबर फिरवला.

"डायलिसिस विभाग. कोण बोलतंय?"

सभेत एखादा शब्द अडला तर त्याच्या शेजारचा दुसरा शोधता येतो. आपल्या नावाला दुसरा शब्द नसतो. 'ज' टाळूला चिकटून बसला.

"हॅलो? हॅलो?" फोन कट झाला.

तिने पुन्हा लावला. "हॅलो, कोण आहे? अहो, इथे गर्दी आहे." कट.

आठ बावन्न. दिगंबर तोंडावर हात दाबून उभा होता. मुकादमाने दुसरा पत्रा खाली घेतला, तो दगडावर आपटला आणि गल्लीभर दणका झाला. तिने तिसऱ्यांदा लावला, आणि पलीकडून आवाज येण्याआधीच बोलायला सुरुवात केली.

"फो-फोन ठेवू नका. मला व-वेळ लागतो."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मागे यंत्रांची पीं पीं चालली होती.

"बरं," ती बाई म्हणाली. "नाव सांगा."

"ज..." जयमालाने ओट्याचा खांब धरला. डोळे मिटले नाहीत. "ज-ज-जयमाला धोत्रे. न-नगरसेविका. प्रभाग सात."

"पेशंट?"

"ह-हमीदाबी शेख."

कागद चाळल्याचा आवाज. "अकराची एक जागा आहे. पण वेळेत आणा, मॅडम. उशीर झाला तर मी काही करू शकणार नाही."

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली होती. तीन पत्रे निघाले होते, चौथा अजून तसाच होता. ड्रायव्हरने बाहेर डोकावून अंतर बघितलं, आरसा आत दुमडला आणि एका बाजूने पत्रा खरवडत रिक्षा आत घातली.